दोन रॉड आणि एक बारक्या

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका गॅरेजच्या लाकडी फळीवर शेजारीशेजारी तीन जोड्या ठेवल्या होत्या. पहिली जोडी आरएक्स १०० चे मूळचे शॉकअप, तीस वर्षांचे, एकातून तेल गळून वाळलेलं. दुसरी जोडी नवे शॉकअप, स्प्रिंगचा ताण कमीजास्त करायला वर रिंग आणि खाली रिबाउंडचा छोटा नॉब असलेले. तिसरी जोडी म्हणजे शॉकअपच नव्हते, लेथवर बनवलेले दोन लोखंडी रॉड होते. दोन्ही टोकांना बुश बसवलेले डोळे, मध्ये काहीही नाही. ना स्प्रिंग, ना तेल.

यातली एक जोडी निवडायची होती. रेसला एकवीस दिवस होते.

मी पुण्यात हिंजवडीत सॉफ्टवेअर लिहितो. माझी डिग्री मेकॅनिकलची आहे. चार वर्षं शिकलेलं मेकॅनिकल पुढच्या सहा वर्षांत मी एकदाही वापरलं नव्हतं. त्यामुळे मावसभावाने फोन करून "दादा, ड्रॅग रेसला नाव दिलंय, मागचा सेटअप तू सांग" असं म्हटलं, तेव्हा मला झालेला आनंद जरा जास्तच होता. कुणीतरी माझ्या डिग्रीला कामाला लावत होतं.

मावसभावाला घरात आणि गल्लीत सगळे बारक्या म्हणतात. वय बावीस, वजन बावन्न किलो. ड्रॅग रेससाठी हे वजन म्हणजे देणगीच. गाडी त्याच्या वडिलांची, म्हणजे माझ्या काकांची. आरएक्स १०० भारतात १९८५ साली आली आणि १९९६ साली तिचं उत्पादन बंद झालं. ९८ सीसी, अकरा हॉर्सपॉवर, वजन जेमतेम १०३ किलो. आजच्या कुठल्याही गाडीपुढे हे आकडे किरकोळ वाटतात. पण टू-स्ट्रोक इंजिन आणि एवढं हलकं अंग एकत्र आलं की पहिल्या गिअरमध्ये पुढचं चाक उठायला फारसं निमित्त लागत नाही. कोल्हापूर-सांगलीकडे या गाडीचा नाद अजून सुटलेला नाही, आणि बारक्याकडे तर तो वारशानेच आलेला.

रेसच्या मागे आणखी एक गोष्ट होती. बारक्या आधीपासूनच रेस लावत होता, रात्री, हायवेला. हे मला माहीत होतं. मावशीलाही एक दिवस कळलं. धावपट्टीवरच्या, हेल्मेट-जॅकेट-ॲम्ब्युलन्सवाल्या रेसची कल्पना माझीच. म्हटलं, एकदा खरं टायमिंग मिळालं की हायवे सुटेल. मावशी फोनवर एवढंच म्हणाली, "तू शिकलेला आहेस. तू बरोबर असशील तर जाऊ दे त्याला."

हे वाक्य मी तेव्हा कौतुक म्हणून ऐकलं.

*

ड्रॅग रेस दिसायला सोपी असते. सरळ रस्ता, ४०२ मीटर म्हणजे पाव मैल, दोन गाड्या, दिवे हिरवे झाले की सुटायचं. वळण नाही, ब्रेकिंग नाही. मग मागच्या सस्पेन्शनचा एवढा विचार कशाला?

कारण रेसचा मोठा हिस्सा पहिल्या साठ फुटांत, म्हणजे साधारण १८ मीटरमध्ये ठरतो. तिथे गमावलेला दशांश सेकंद पुढे परत मिळत नाही. आणि त्या अठरा मीटरमध्ये गाडीवर काय घडतं हे तीन गोष्टी ठरवतात: वजनाचा मध्य किती उंच आहे, दोन चाकांमधलं अंतर किती आहे आणि मागचं टायर जमिनीला किती नीट चिकटून राहतं.

मी घरातले दोन वजनकाटे घेऊन गॅरेजमध्ये गेलो होतो. एक पुढच्या चाकाखाली, एक मागच्या. बारक्या हेल्मेट घालून टाकीवर झोपलेला. दोन्हीकडे सत्तर-सत्तर किलो. अनावश्यक सगळं काढून गाडी ८५ किलोवर आली होती आणि गिअर चढवलेला बारक्या ५५. एकूण १४०. पुढचं चाक ठोकळ्यावर चढवून परत वजन घेतलं, त्यावरून वजनाच्या मध्याची उंची काढली, साधारण ६० सेंटिमीटर. चाकांमधलं अंतर १२४.

आता गणित. गाडी ०.६ जी ने सुटली, तर पुढच्या चाकावरचं किती वजन मागे जातं? १४० गुणिले ०.६ गुणिले ६०, भागिले १२४. जवळपास ४१ किलो. म्हणजे पुढे सत्तरातले एकोणतीस उरले. असंच वाढवत गेलं की साधारण १ जी ला पुढे शून्य उरतं, चाक हवेत. मग रायडरला थ्रॉटल सोडावा लागतो, आणि ड्रॅगमध्ये थ्रॉटल सोडणं म्हणजे हरणं.

या गणितात शॉकअप कुठेच नाही, हे माझ्या लक्षात यायला एक संध्याकाळ गेली. गॅरेजमध्ये आणि इंटरनेटवर सगळे म्हणतात की मागचा शॉकअप मऊ ठेवा, गाडी मागे बसेल, टायरवर वजन येईल. पण वजन मागे जातं ते वेगवाढीमुळे. गाडी बसली काय, न बसली काय, उंची आणि अंतर तेच असेल तर सरकणारं वजनही तेच. शॉकअप फक्त एवढंच ठरवतो की ते वजन टायरवर झटक्यात येईल की हळूहळू, आणि आल्यावर तिथे टिकेल की हिंदकळेल.

मग मी दुसरा विचार केला: उंचीच कमी करू. नियमात मूळ फ्रेम आणि मूळ चिमटा हवा होता. चिमटा म्हणजे मागचं चाक धरणारा स्विंगआर्म. लांब चिमटा लावून चाक मागे न्यायची युक्ती त्यामुळे बाद. व्हीली बारही चालणार नव्हता. शॉकअपला मात्र मोकळीक होती. मागे आखूड रॉड लावून गाडी पाच सेंटिमीटर खाली, पुढचे फोर्क सीटबेल्टच्या पट्ट्याने तेवढेच आवळून खाली, आणि चेन ॲडजस्टरच्या खाचेत चाक शेवटपर्यंत मागे ओढून दोन सेंटिमीटर लांबी. वजनाचा मध्य ५५ वर, अंतर १२६. सरकणारं वजन ४१ वरून ३७ किलोवर आलं. पुढचं चाक उठण्याची मर्यादा १.०३ जी वरून १.१६ जी वर गेली.

एक्सेलमध्ये तो रकाना हिरवा झाला तेव्हा मी बारक्याला स्क्रीनशॉट पाठवला. खाली लिहिलं, "रॉड."

रॉडच्या बाजूने आणखी एक मुद्दा होता. शॉकअप असलेल्या गाडीत चेनची ओढ आणि चिमट्याचा कोन यांचं नातं असतं. चिमटा मागच्या बाजूला उतरता असेल तर ताकद आल्यावर टायर जमिनीत दाबलं जातं आणि गाडीचा मागचा भाग वर रेटला जातो. मागून गाडी खूप खाली घेतली की चिमटा आडवा होतो, तो रेटा कमी होतो आणि गाडी मागे बसायला लागते. रॉड लावला की हा प्रश्नच मिटतो. चिमटा हलतच नाही. मोठ्या ताकदीच्या अनेक खास ड्रॅग बाइक्सना मागे सस्पेन्शन नसतंच, हेही मला ठाऊक होतं.

मिस्त्रींनी माझं सगळं ऐकून घेतलं. वय साठीच्या पुढे, हाताची बोटं ग्रीसने कायमची काळी. त्यांनी रॉड हातात घेतला, तोलला आणि विचारलं, "रस्ता बघितलायस काय?"

"रस्ता नाही मामा, धावपट्टी आहे. विमानांची."

"त्येच इचारतोय. बघितलायस काय?"

मी म्हटलं, सॅटेलाइटवर बघितलीय. सरळ आहे, सपाट आहे.

"तुझं गणित बरोबर असंल," ते म्हणाले. "पर बारक्याच्या मणक्याला इचारलंस काय?"

बारक्या हसला. मीही हसलो. रॉड बसले.

*

ज्या धावपट्टीवर रेस होती तिचं नाव सांगत नाही. तिच्यावर दोष ठेवण्यासारखं काही नव्हतं. जुनी पट्टी होती, जुन्या पट्ट्या जशा असतात तशी. आपल्याकडे ड्रॅगसाठी मुद्दाम बांधलेले, चिकट द्रव फवारून तयार केलेले रस्ते जवळपास नाहीत. लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा रेस झालेल्या आहेत, चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या ट्रॅकच्या सरळ भागावर होतात. म्हणजे विमानांसाठी किंवा वळणांच्या रेससाठी केलेली जागा आपण उसनी घेतो. परदेशातल्या बिनसस्पेन्शनच्या गाड्यांचे व्हिडिओ बघताना मी गाडी बघत होतो, तिच्याखालचा रस्ता बघत नव्हतो.

सरावाच्या दिवशी पहिला रन मूळच्या जुन्या शॉकअपवर, तुलनेसाठी. साठ फुटांना २.५५ सेकंद. मग रॉड बसवले. दुसरा रन २.४१. मी स्टार्टलाइनच्या मागे उभा राहून मोबाइलवर आकडा बघत होतो आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मी बारक्याकडे बघतच नव्हतो.

आवाज आला म्हणून वर बघितलं. इंजिनचा आवाज अचानक किंचाळल्यासारखा वर गेला, म्हणजे मागचं चाक हवेत होतं. साधारण दीडशे मीटरवर पट्टीला आडवा सांधा होता, वर डांबराचं ठिगळ. वेग शंभरच्या आसपास. मागे हवेतल्या टायरशिवाय दुसरी स्प्रिंग नव्हती, आणि टायरला शॉकअपसारखं दमवणारं तेल नसतं. ते चेंडूसारखं उडतं. हवेत असताना चाक रस्त्यापेक्षा जोरात फिरतं, खाली येताना पकडतं, आणि पकडताना सरळच पकडेल असं नाही. गाडीचा मागचा भाग डावीकडे गेला, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. मग ती सरळ झाली आणि तशीच पुढे निघून गेली.

१५.१२ सेकंद. त्या दिवसातला आमच्या गटातला सगळ्यात चांगला वेळ.

बारक्या परत आला तो हसत. आजूबाजूच्या पोरांनी पाठ थोपटली. त्याने हेल्मेट काढलं, पाण्याची बाटली घेतली आणि झाकण उघडेना. तीनदा प्रयत्न केला. मी बाटली घेऊन उघडून दिली. त्याचे हात थरथरत होते आणि तो हसत होता.

"रॉडच ठेवायचा दादा," तो म्हणाला. "उद्या पहिला येतोय मी."

*

आमच्या ऑफिसमध्ये शुक्रवारी संध्याकाळी कोणी कोड लाइव्ह करत नाही. काही मोडलं तर शनिवार-रविवार जातो, मॅनेजरचे चार मेसेज येतात, जुनी आवृत्ती परत टाकली की संपलं. सहा वर्षं मी अशा कामात घालवली आहेत जिथे चूक मागे घेता येते. माझ्या सूत्रात ५५ किलोचा एक आकडा होता. तो आकडा बाटलीचं झाकण उघडू शकत नव्हता.

त्या संध्याकाळी मी पट्टीवर चालत गेलो. हे मी आधी करायला हवं होतं. चालताना सांधे बुटाखाली कळतात. पाव मैलात मी सात मोजले. त्यातले दोन वाईट. दुसरा दोनशे साठ मीटरवर, जिथे वेग आणखी वाढलेला असणार.

मिस्त्रींना फोन केला. त्यांनी "सांगितलं हुतं" असं म्हटलं नाही. म्हणाले, "नवे शॉकअप हाईत न्हवं गाडीत? मग लाव की. आणि पाच सेंटीचा नाद सोड."

रात्री पार्किंगमध्ये टॉर्चच्या उजेडात काम केलं. नवे शॉकअप लावले, गाडी मागून पाचऐवजी फक्त दोन सेंटिमीटर खाली, म्हणजे चिमट्याला थोडा उतार राहिला. पुढचं चाक भिंतीला टेकवून, पहिल्या गिअरमध्ये क्लच अलगद सोडून बघितलं. मागचा भाग खाली बसतो की वर उठतो? किंचित उठला. हे माप पूर्ण खरं नसतं. भिंत गाडीला चाकाच्या उंचीवर अडवते, रेसमध्ये जडत्व तिला त्याहून वर, वजनाच्या मध्यापाशी मागे ओढतं. पण निदान दिशा कळते.

मग शॉकअपच्या दांड्याला एक प्लॅस्टिकचा टाय बांधला. रन झाला की तो जिथे सरकलेला असेल तिथपर्यंत शॉकअप दबला. फुकटचा सेन्सर. सकाळच्या पहिल्या सरावात तो पार तळापर्यंत गेलेला, म्हणजे स्प्रिंग कमी पडत होती. रिंग दोन घरं आवळली. दुसऱ्या रनला थोडी जागा शिल्लक राहिली. रिबाउंडला जास्त वेळ गेला. तो फार मोकळा ठेवला तर प्रत्येक गिअर टाकताना गाडी मागून उसळते, आणि चार गिअरच्या गाडीत हे तीनदा होतं. फार घट्ट ठेवला तर सांध्यावर दबलेलं चाक वेळेत परत खाली येत नाही, म्हणजे पुन्हा रॉडसारखीच गत. एकेक क्लिक फिरवत बारक्याला विचारत होतो, काय वाटलं? तो एकाच शब्दात उत्तर देत होता. "मऊ." "बरं." "मऊच."

तो माझ्यावर चिडला होता. रात्रीच भांडण झालं होतं. "गाडी मी चालवणार, मोडलं तर माझं मोडणार. तुला काय?" तो म्हणाला होता. त्याचं बरोबर होतं, आणि नेमकं म्हणूनच मी रॉड लावायला तयार नव्हतो. पण तसं मला नीट सांगता आलं नाही. मी म्हटलं, "रॉड लावायचा असेल तर मावशीला फोन लाव आणि तू सांग." हा घाणेरडा डाव होता. मला माहीत आहे. पण चालला.

रेसमध्ये साठ फुटांना २.४८. रॉडपेक्षा सात शतांश हळू. एकूण १५.३१. पहिली फेरी जिंकली. दुसऱ्या फेरीत बारक्या हरला, सोळा शतांशांनी. रॉडवरचा वेळ तसाच आला असता तर ती फेरी आमची होती. हे मी मनात ताबडतोब मोजलं, आणि त्यानेही मोजलं असणार.

*

गाडी टेंपोत बांधून आम्ही हायवेने कोल्हापूरकडे निघालो. सातारा गेलं, कराड गेलं. बारक्या खिडकीला डोकं टेकवून मोबाइल बघत होता. पेठ नाक्यावर चहाला थांबलो. दोन कटिंग आले. त्याने कप उचलला आणि परत ठेवला.

"काल पाय सुटला होता," तो म्हणाला.

"काय?"

"त्या सांध्यावर. उजवा पाय फूटरेस्टवरून सुटला. नुसता हँडलला धरून होतो. गाडी कशी सरळ झाली मला माहीत नाही. मी काही केलं नाही."

मी काहीच बोललो नाही. काय बोलणार होतो?

"सांगितलं असतं तर तू रॉड काढला असतास म्हणून नाही सांगितलं." मग थोड्या वेळाने, "तसा तू काढलासच."

तो हसला. या वेळी नीट हसला, आणि चहा प्यायला.

हायवेच्या रात्रीच्या रेस सुटल्या का? मावशी म्हणते सुटल्या. बारक्याला मी विचारलेलं नाही, कारण तो खरं सांगेल याची मला खात्री आहे आणि ते ऐकायची माझी तयारी आहे की नाही याची नाही. एवढं माहीत आहे की त्याने आता स्वतः एक वही केली आहे. त्यात तारीख, टायरची हवा, रिंगचं घर, रिबाउंडच्या क्लिक आणि समोर वेळ. शेवटच्या रकान्यात तो "मऊ", "बरं" असलं काहीबाही लिहितो. माझ्या एक्सेलमध्ये तो रकाना नव्हता.

रॉड मिस्त्रींच्या गॅरेजमध्येच आहेत. त्यातला एक ते शटर अर्धं उघडं ठेवायला टेकण म्हणून वापरतात.

गेल्या आठवड्यात बारक्याचा मेसेज आला. पुढच्या हंगामात एका नव्या पट्टीवर रेस आहे, एकदम गुळगुळीत म्हणतात सगळे, तिथे रॉड चालेल का? सोबत सॅटेलाइटचा फोटो. सरळ आहे, सपाट आहे.

गणिताने रॉड चालेल. मी उत्तर लिहिलं, "सांगतो. आधी जाऊन चालून येऊ."

त्याने विचारलं, "कधी?"

या शनिवारी निघतोय. काकांनाही यायचंय म्हणे. मिस्त्री म्हणालेत, बूट नको, चप्पल घालून चला, सांधे जास्त कळतात.